काटा कुठल्या माशाचा

मार्वे रोड, मालाड
३ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतिका,

फोन करू नका म्हणालीस. हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी बोट नाचवत म्हणालीस, "बाबा, तुम्ही तोंडी सांगता तेव्हा गोष्ट फिरवता. आईला नक्की काय झालं ते लिहून पाठवा. खाली सही करा." त्र्याहत्तराव्या वर्षी बापाकडून जबाब लिहून घेणारी पोरगी देवाने माझ्याच पदरात टाकली. घे, लिहितो.

आधी तुझ्या आईचं. शुक्रवारी सोडलं तिला. नाकातली नळी काढली. ताप नाही, खोकला थोडा आहे. उजवी बाजू होती तशीच, लुळी. बोलणं नाही, पण समजतं सगळं. काल पेज भरवली तर माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने उठून मीठ घेऊन आलो.

निघताना मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. अर्धांगवायूच्या माणसाला नीट गिळता येत नाही. दातांच्या फटीत अन्न राहतं, कुजतं, हिरडी सुजते, आणि तीच घाण थुंकीबरोबर फुप्फुसात उतरते. ह्या वेळी तेच झालं, न्यूमोनिया. परत झालं तर पोटाला भोक पाडून नळी घालणार. मग तोंडाने एक घास नाही, कायमचा. सुक्या बोंबलाची चटणी असली की भाकरी मोजायची नाही अशी बाई ती, तिला पोटातून दूध! म्हणजे आता सगळं तिच्या दातांच्या फटींवर येऊन ठेपलंय. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. दर दोन दातांच्या मधे जाऊन साफ करावं लागतं, दिवसातून दोनदा. ते मी करतोय. हो, मीच. ज्याने जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही म्हणतेस तो. हस हवं तर.

आता झालं काय ते. जया आईला दिवसभर सांभाळायची, तुला माहीत आहे. मनोरीची कोळीण, मार्वेच्या बोटीने खाडी ओलांडून आठच्या ठोक्याला हजर. तिने घरून सुरमईचा तुकडा आणला, भातात कुस्करून आईला भरवला. त्यातला काटा मागच्या दाढेच्या फटीतून हिरडीत घुसला. आईला सांगता येईना. ते पिकलं, ताप चढला. आपल्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टर इरावतीने हिरडी उघडून तो काढला आणि लगेच हॉस्पिटलात धाडलं. जयाला मी त्याच दिवशी कामावरून काढलं. विषय संपला.

सही केली आहे, बघून घे.

तुझा बाबा,
लवू


१२ फेब्रुवारी

ऋतिका,

जावईबापूंचा मेसेज मिळाला. शौनकराव सभ्य माणूस, सुरुवातीला 'सादर नमस्कार' आणि मग सुरी. "ऋतिका विचारते आहे, काटा कुठल्या माशाचा होता? हॉस्पिटलमध्ये तुम्ही मांदेली म्हणाला होतात, पत्रात सुरमई आहे." वा! नवऱ्याच्या फोनवरून बापाची उलटतपासणी! वकील का नाही झालीस गो?

मांदेली काय आणि सुरमई काय, काटा तो काटा. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं काय? बायको तापाने फणफणलेली, आणि मी माशाची जात विचारत बसू?

तुला वाटत असेल मी घरात नुसता पेपर वाचत बसतो. तर ऐक, तुझ्या आईच्या दातांसाठी मी किती उपद्व्याप केलेत ते.

पहिलं पाण्याचं मशीन. बारीक धार मारून फटीतली घाण उडवतं. खालच्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशकडे आहे, तो म्हणाला झकास वस्तू, मी लगेच आणलं. पहिल्याच दिवशी धार घशात गेली. ठसका थांबेना, ओठ निळे पडले. जया हातातलं भांडं टाकून धावली, आईला पुढे वाकवलं, पाठीत थोपटलं. मग माझ्यावर अशी ओरडली की दोन मजले गोळा झाले. "काका, तिला घोट गिळता येत नाय आन तुमी तोंडात नळ सोडता?" मशीन परत खोक्यात. चंद्रप्रकाशच्या दातांना ते चांगलं असेल, त्याला ठसका लागला तर तो थुंकू शकतो. आपल्या माणसाला काय झेपतं ते बघायला हवं होतं.

मग धागा. मला वाटलं, हे तर आपलं काम. दहा वर्षं मिलच्या साचेखात्यात तुटलेले धागे जोडले, डोळे मिटून गाठ मारायचो. पण साचा चावत नाही, तुझी आई चावली. धाग्याला दोन हात तोंडात घालावे लागतात, आणि दुसऱ्याच्या तोंडात तो खटकन खाली उतरतो आणि हिरडी कापतो. माझं बोट आठवडाभर ठणकत होतं. तिला हसू आलं होतं, खरं सांगतो. आजारानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने.

शेवटी इरावतीने मार्ग काढला. म्हणाली, "आजोबा, ह्या वयात हिरड्या खाली सरकतात, फटी मोठ्या होतात. धागा तिथून नुसता घसरून जातो." आणि तिने काडीएवढे ब्रश दाखवले, बाटली धुवायचा असतो ना, त्याचं पिल्लू. नंबर असतात त्यांना. समोरच्या दातांना बारीक, दाढांना जाड. जोर न लावता गेला पाहिजे, पण सैल नको. अडला तर एक नंबर खाली यायचं, ढकलायचं नाही. पेस्ट नको, नुसता ओला करायचा. माणसाला ताठ बसवायचं, हनुवटी खाली. लुळ्या बाजूपासून सुरुवात, कारण घास तिकडेच साठतो. लांब दांड्याचा घेतला की दाढेपर्यंत पोचतो.

जया एका दिवसात शिकली. मला आठवडा लागला. ती माझा हात धरून दाखवायची, "आत, भायेर. आत, भायेर. सुपारी फोडताय काय?" कामाला चोख होती, ते मी नाकारत नाही. पण चूक ती चूक.

तुला हेही सांगतो, गणपतीत जे झालं ते तू अजून धरून बसली आहेस. आईला मुलुंडला नेते म्हणालीस. आमच्यात मुलीच्या घरी राहायला जात नाहीत. माझ्या बापाने मुलीच्या घरचं पाणी प्यायलं नाही, मी काय बायकोला तिथे नेऊन ठेवू? त्यावर तू म्हणालीस, "तुम्हाला आई नकोय बाबा, तुमचा मान हवाय." तेव्हा मी म्हणालो, या घराची पायरी चढू नकोस. रागात माणूस बोलतो. आणि तू खरंच चढली नाहीस! हॉस्पिटलात येऊन आईला बघितलंस आणि तिथूनच परत.

काटा बारीक होता. मासा आठवत नाही.

बाबा


१९ फेब्रुवारी

ऋतिका,

तुझं पत्र आलं. शाळेत असताना सहलीवरून पाठवलं होतंस, त्यानंतर हे पहिलं. अक्षर अजून तसंच, ओळी वर चढणाऱ्या. तीनदा वाचलं.

जयाला तू फोन केलास, हे मला माहीत नव्हतं. तिला खुनी म्हणालीस, हेही नव्हतं. आणि तिला ज्या ब्युरोने आपल्याकडे पाठवलं होतं त्यांना तू सगळं कळवलंस, त्यांनी तिचं नाव यादीतून काढलं, ती घरी बसली, हे तर मुळीच माहीत नव्हतं. "मी एका बाईच्या पोटावर पाय दिला आहे, बाबा. तो पाय तुम्ही सांगितलंत म्हणून दिला. खरं सांगा, नाहीतर पत्रं बंद." असं लिहिलंस तू.

दोन दिवस मी कागद समोर घेऊन बसलो होतो. तुझी आई पलंगावरून बघत होती.

काटा नव्हता तो.

ते ब्रश सुरू केले ना, तेव्हा पहिल्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त यायचं. ती रक्त पातळ व्हायची गोळी घेते, त्यामुळे जास्तच. इरावतीने आधीच बजावलं होतं, "हिरडी सुजलेली आहे म्हणून रक्त येतं. ब्रशमुळे नाही. करत राहा, पंधरा दिवसांत थांबेल." जया करत राहिली. माझ्याने बघवेना. पांढऱ्या फडक्यावर लाल डाग बघितले की मी गॅलरीत निघून जायचो. मला वाटलं, त्या ब्रशात तार आहे, तार बाईची हिरडी फाडतेय. ह्या कालच्या डॉक्टर पोरीला काय कळतं? आमच्या पिढ्यान् पिढ्या दात राहिले ते काय ब्रशांनी?

तुझी आजी आठवते? ऐंशीची होऊन गेली, पण ऊस दाताने सोलायची. जेवण झालं की घरापुढच्या खळ्यात बसायची, खराट्यातला एक हीर मोडायची आणि दात कोरायची. हीर म्हणजे माडाच्या पातीची मधली काडी, तू मालाडात वाढलेली, तुझ्यासाठी ती नुसती खराट्याची काडी. आम्ही सगळे तेच करायचो. मी अजून करतो. गावाहून आणलेला खराटा गॅलरीत आहे, केर काढायला नाही, त्याचसाठी.

जया पाच वाजता निघाली की मी तिचे ब्रश कपाटावर ठेवायचो आणि हीर घ्यायचो. गरम पाण्यात धुऊन हो, स्वच्छता म्हणून! टोक तासून. आईला चहा-बिस्किट दिलं की त्यानेच फटी कोरायचो. रक्त कमी दिसायचं. मी स्वतःवर खूष. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, मी तर दात कोरून डॉक्टरच झालो होतो.

४ जानेवारी, शनिवार. मागच्या दाढेत हीर अडला. मी ढकलला. कट् असा आवाज आला आणि माझ्या हातात अर्धाच राहिला. बॅटरी मारून बघितलं, दिसेना. म्हटलं, पडला असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, चहा गरम लागला असेल. बघ, माणूस स्वतःला काय काय सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून तिने तोंड मिटलं. घास नको, ब्रश नको. जया म्हणाली, "काका, काकींचं कायतरी दुखतंय. डॉक्टरीणबाईंना दाखवा." मी म्हटलं, काही नाही, नाटकं आहेत. जया रोज सांगत राहिली आणि मी रोज उद्या म्हणत राहिलो. कारण दाखवलं असतं तर तो निघाला असता, आणि निघाला असता तर कळलं असतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला तेव्हाच माहीत होतं, ऋतिका. शनिवारी संध्याकाळीच माहीत होतं.

चौथ्या दिवशी मी तुझ्या आईवर ओरडलो. "नाटकं करू नकोस सुगंधा, मी पण माणूस आहे." तिचा जबडा धरून पेजेचा चमचा आत घातला. पाचव्या दिवशी तापाने अंग पेटलं.

इरावतीने तुकडा काढून ताटलीत ठेवला. काळा पडलेला, नखाएवढा. तिने विचारायच्या आत मी म्हटलं, "माशाचा काटा." जया तुझ्या आईचं डोकं धरून उभी होती. कोळणीला काटा ओळखता येत नाही काय? तिने ताटलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली. मी तिथेच म्हटलं, "तू काटा न बघता भरवलास. उद्यापासून येऊ नकोस." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता लिहिलं. तू म्हणायचीस ना गोष्ट फिरवता म्हणून. ही फिरवली नाही. ही वाचून तू मला बाप म्हणू नयेस असं वाटलं तर मी काही बोलणार नाही.

सही कशाला करू? माझंच अक्षर आहे.


२३ फेब्रुवारी

ऋतिका,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर आहे.

शुक्रवारी ब्युरोत गेलो. तिथल्या बाईंना लिहून दिलं की चूक माझी होती, जयाची नव्हती. त्या म्हणाल्या, "आजोबा, आम्हाला वाटलंच होतं. जयाची कधी तक्रार नव्हती." वाटलंच होतं तर नाव का काढलं, असं तोंडावर आलं होतं. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार?

काल मनोरीला गेलो. चंद्रप्रकाशच्या बायकोला तासभर आईपाशी बसवलं. मार्वेला बोटीत बसलो, पलीकडे उतरलो, विचारत विचारत जयाचं घर गाठलं. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून उठली नाही. "बसा" पण म्हणाली नाही. मी उभाच राहिलो, शाळेतल्या मुलासारखा.

म्हटलं, "जया, तो काटा नव्हता."

"मना काय सांगताव?" ती म्हणाली. "तेवाच कळलं. काटा हाय का लाकूड हाय, आमाला शिकवाल काय?"

"मग बोलली का नाहीस?"

बोंबलाची जोडी दोरीवर टाकत म्हणाली, "कोन ऐकनार होतं? घरधनी म्हनतो काटा, बाई म्हनते लाकूड. डॉक्टरीण पोलीस बोलावणार होती काय? मी बोलले असते तर तुमी म्हनाला असता, चोरी पण केली."

मी म्हटलं असतं, बहुतेक. मी कसा आहे ते मला तिच्याकडून कळलं, आणि मला इतकी लाज वाटली की तिने मला अंगणातून हाकललं तर बरं असं झालं.

मी हात जोडले. ती म्हणाली, "हात जोडू नका, म्हातारे मानूस हाव." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून विचारलं, "माझी माफी मागायला बोटीत बसून आलात. काकींची मागितली?"

म्हटलं, "तिला काय ठाऊक?"

"तिच्याच तोंडात मोडला ना? तिला नाय ठाऊक?"

बाये, मी तिथे त्या बोंबलांच्या वासात उभा राहून रडलो. रडणं कोणाला दाखवलं नाही कधी, मिल बंद पडली तेव्हासुद्धा नाही.

परत ये म्हटलं. "नाय," म्हणाली. "तुमच्या घरी नाय." तुझ्याबद्दल म्हणाली की ताईने फोनवर जे बोलायचं ते बोलली, आता ताईनेच फोन करावा, बापाने मधे पडू नये. हे तुला सांगायचं काम माझं, सांगितलं. निघताना मागून ओरडली, "ब्रश बदलला काय? केस वाकले की टाकायचा. नायतर नुसता फिरवून काय उपेग नाय."

बदलला नव्हता. येताना नवे घेऊन आलो.

बाबा


२६ फेब्रुवारी

ऋतिका,

तुझ्या आईला सांगितलं. परवा दुपारी, जेवण झाल्यावर. खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि सगळं सांगितलं, हीर, शनिवार, बॅटरी, जया, सगळं. "मी तुला नाटकं करतेस म्हटलं, सुगंधा. माझं चुकलं. मला माहीत होतं तरी तुला दुखत ठेवलं."

चांगली असती तर "गप रवा हो" म्हणाली असती. पन्नास वर्षं तेच म्हणत आली, मी काहीही केलं तरी. ह्या वेळी ती ऐकत राहिली. मग डावा हात पुढे केला, मला वाटलं माझा हात धरायला. तिने माझ्या छातीवर हात ठेवला आणि मला मागे ढकललं. जोर नव्हता फारसा. पण ढकललं.

त्यानंतर तिने तोंड उघडलेलं नाही. पेज पातळ करून चमच्याने ओठांतून थोडी जाते, पण ब्रश दिसला की दात घट्ट. चार वेळा साफ करायचं राहिलं आहे. पाचव्यांदा हनुवटीला हात लावला तर तिने डोळे मिटले, आणि मला तो चमचा आठवला, आणि मी हात काढून घेतला. मी आता तिचं तोंड उघडू शकत नाही. बळ आहे, पण उघडू शकत नाही.

हिरडी परत सुजली तर काय होईल ते तुला माहीत आहे. मला भीती वाटते. असं मी कधी कोणाला लिहिलं नाही. मला फार भीती वाटते, ऋतिका.

तू ये. ती तुझ्या हाताने उघडेल. पायरी चढू नकोस म्हणालो होतो ते परत घेतो, रागात म्हणालो होतो असंही आता म्हणत नाही. मला मान हवा होता, तू बरोबर बोलली होतीस. तिला तुझ्याकडे ने. मुलीच्या घरी ठेवली म्हणून गावात कोणी काही म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

हे पत्र पोस्टाने नाही, कुरियरने पाठवतो. उद्या मिळेल. नको, थांब, आज कुरियरवाला येऊन गेला. सकाळी देतो.


२७ फेब्रुवारी, सकाळ

कुरियरवाला यायचा आहे, म्हणून ह्याच पाकिटात आणखी एक कागद घालतोय.

आत्ता चहा झाला. मी वाटीत पाणी घेतलं, नवा ब्रश ओला केला, आणि तिच्यापुढे नुसता धरून बसलो. काय करावं ते कळत नव्हतं. म्हटलं, "सुगंधा, मी लावत नाही हात. पण हे करायलाच हवं गो. काय करू सांग."

तिने डाव्या हाताने ब्रश माझ्याकडून घेतला.

जन्मभर उजव्या हाताची बाई. ब्रश आधी गालाला लागला, मग नाकाला. मी पुढे झालो तर माझ्याकडे बघितलं, तसा मागे सरलो. मग समोरच्या दोन दातांच्या फटीत गेला. आत, बाहेर. आत, बाहेर. लाळ गळत होती, ती पुसायला दिली मला. तीन फटी झाल्या समोरच्या, तेवढ्यात हात दमला. मी घड्याळ बघितलं नाही, पण चहाचा दुसरा कप पार गार झाला होता. मग तिने ब्रश माझ्या हातात परत दिला आणि तोंड उघडलं, लुळ्या बाजूच्या दाढांसाठी. तिथे तिचा हात पोचत नाही.

मी केलं. जोर न लावता. रक्त आलं थोडं, मी थांबलो नाही.

सहा महिने तिच्या तोंडात कोणाचा हात जायचा ह्यावर आपण भांडलो, माझा, जयाचा, तुझा. तिच्या हातात एकदाही देऊन बघितलं नाही. इरावतीने मला दहा प्रश्न विचारले असतील, आईला किती फटी आहेत, काय खाते. मीच सगळ्यांची उत्तरं दिली, बाजूला ती बसलेली असताना.

म्हणून मग तिलाच विचारलं. "ऋतिकाकडे मुलुंडला जायचं तुला?" तिने मान हलवली. हो. लगेच, मी वाक्य संपवायच्या आत. तुझ्या आईला गणपतीपासून जायचं होतं, आणि मी सगळ्यांना सांगत होतो की तिला आपलं घर सोडवत नाही.

मग मी विचारलं, "मी येऊ बरोबर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मान हलली नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. मी परत विचारलं नाही.

रविवारी गाडी घेऊन ये. वर ये, चहा पी, मग तिला ने. तिची पिशवी मी आजच भरतो, ब्रशांचे दोन्ही नंबर वरच ठेवतो, हिरवा दाढांचा, लाल समोरचा. आधी तिच्या हातात द्यायचा, मग आपण.

माझी पिशवी भरत नाही. ती मान हलवेल तेव्हा भरेन.

बाबा